वीस मोजायचे

आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही तर सरांना चैन पडत नसे. पुस्तकवाल्याचं छापील पत्रक आलं तरी ते दोन ओळी लिहून कळवायचे, की पत्रक मिळालं, यादी चांगली आहे, तूर्त काही नको. बायको म्हणायची, "अहो, त्याने ते चारशे जणांना पाठवलंय. त्याला तुमची काय पडलीय?" सर म्हणायचे, "त्याने माझं नाव घालून पाठवलंय ना, मग?" असा हा माणूस. आणि याच माणसाच्या घरात एक पत्र नऊ वर्षं उत्तराविना पडून होतं.

ते लॉगॅरिदमच्या तक्त्यांच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक आता कुणी उघडत नाही, म्हणूनच सरांनी ते निवडलं होतं. बायको महिन्या-दोन महिन्यांनी कपाट झटकायला काढी, सगळी पुस्तकं जमिनीवर मांडी, एकेक पुसून परत लावी. तक्त्यांचं पुस्तक ती उघडत नसे, नुसतं वरून पुसून ठेवून देई. तिने पत्र वाचलेलं आहे हे सरांना माहीत होतं. सरांना ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पण त्या विषयावर घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता.

पत्र एका पानाचं, बारीक अक्षरांचं होतं.

"आदरणीय सर, मी कोण ते अक्षरावरून कळलंच असेल. माझ्या अक्षराला तुम्ही मुंग्यांची रांग म्हणायचात, त्यावरून मला सगळे मुंगीच म्हणू लागले. दहा वर्षं झाली. आई आणि मावशी त्या दिवसापासून एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. भिंगरी मला कधीच काही बोलत नाही. तिला त्या दिवशीचं पहिल्या तासानंतरचं काही आठवत नाही. मी तुला केव्हाच माफ केलंय, असं ती म्हणते. पण तिने माफ केलं, म्हणजे ते मी केलं हे ठरलंच ना?

मी दार लावते, परत उघडते, परत लावते. गॅसचं बटण सातदा बघते. कामावर पोचायला रोज उशीर होतो. सर, मला असं आठवतं, की मी खिळा दोन्ही पट्ट्यांतून घातला होता आणि पलीकडून त्याचं टोक बोटाने चाचपून पाहिलं होतं. पण ही आठवण खरी आहे, की मीच स्वतःला सांगून सांगून ती तयार केलीय, ते आता मला कळेनासं झालंय. चौकशीत तुम्ही सांगितलंत की तुम्ही पाठमोरे होतात. मला मात्र वाटतं, मी खडू आणायला गेले तेव्हा तुम्ही आमच्या टेबलासमोरच उभे होतात. माझं चुकत असेल तर तसं लिहा, मी परत विचारणार नाही. खिळा दोन्ही पट्ट्यांतून होता का? होय किंवा नाही, एवढंच लिहा."

एवढंच लिहायला सरांना नऊ वर्षं पुरली नव्हती.

हायस्कूलच्या वरच्या वर्गाला सर भौतिकशास्त्र शिकवायचे. माणूस लाजाळू. मुलींच्या आया भेटायला आल्या तर सर त्यांच्याशी बोलताना खिडकीकडे बघत. फळ्याकडे तोंड करून ते बरं शिकवायचे, मुलांकडे तोंड केलं की वाक्य तुटायचं. उंच, काटकुळे आणि नेहमी ताठ, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं मोजपट्टी. पण आठवड्याच्या शेवटच्या दोन तासांना या मोजपट्टीला जीव यायचा. त्याला ते बांधणीचा तास म्हणत. त्या दोन तासांत पुस्तक बंद. मुलांनी घरून आणलेल्या छत्रीच्या काड्या, सायकलचे आरे, खोक्यांच्या फळ्या, पत्र्याचे डबे यांतून काहीतरी बांधायचं. पूल, पाणचक्की, वजन उचलणारी यारी. आणि जे बांधलं ते चाललं पाहिजे.

या तासाचे नियम सरांनी एका जाड वहीत लिहून ठेवले होते. त्यांतला चौथा नियम मुलांसाठी नव्हताच, तो शिक्षकासाठी होता. मुलाची चूक दिसली की शिक्षकाने हात पाठीमागे बांधायचे आणि मनात वीस मोजायचे. तोंड उघडायचं नाही. सर स्वतः शाळेत असताना त्यांच्या हातातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी हिसकावून घेतली होती, 'दे इकडे, तुला नाही जमायचं' म्हणून. त्यातून हा नियम आला होता. आणि तो लागूही पडायचा. नऊ, दहा, अकरा, आणि मुलाचा चेहरा बदलायचा. भुवया वर जायच्या, तोंडातून 'अरेच्चा!' निघायचं आणि तो आपली चूक आपणच सोडवायला घ्यायचा. तो 'अरेच्चा' ऐकण्यासाठी सर आठवडाभर शाळेत जायचे म्हटलं तरी चालेल. विसापर्यंत क्वचितच जावं लागे.

त्या वर्षी मुंगी आणि भिंगरी या दोघी मावसबहिणी एकाच गटात होत्या. मुंगी हळू आणि नेमकी, भिंगरी म्हणजे पायाला चाक. त्यांनी फेकयंत्र बांधलं होतं. दोन उभ्या फळ्यांमध्ये एक लांब दांडी. दांडीच्या आखूड टोकाला वाळूने भरलेला नऊ किलोंचा डबा, लांब टोकाला दोरीची गोफण आणि तीत रबरी चेंडू. लांब टोक खाली दाबून धरायचं आणि वरून एक चार इंची खिळा दोन लोखंडी पट्ट्यांच्या भोकांतून आडवा घालायचा. दोरीने खिळा ओढला की डबा खाली येणार, दांडी उसळणार, चेंडू भिंतीवर. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं फेक्या.

मुंगीने खिळा घातला. दोन्ही पट्ट्यांतून घातला, टोक बोटाने चाचपलं. सरांनी ते पाहिलं होतं. मग ती चेंडू कुठवर जातो ते आखायला खडू आणायला गेली. तेवढ्यात भिंगरीला दिसलं की गोफणीची दोरी खिळ्याखाली अडकलीय. तिने कोपराने दांडी दाबून धरली, खिळा उपसला, दोरी मोकळी केली आणि खिळा परत घातला. डाव्या हाताने, न बघता. तो एकाच पट्टीतून गेला. खिळ्याचं डोकं बोटभर जास्त बाहेर राहिलं. सर समोर उभे होते, चार हातांवर. त्यांना ते डोकं दिसलं. ते बोटभर जास्त बाहेर का आहे, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

त्यांनी हात पाठीमागे बांधले.

एक, दोन, तीन. भिंगरी दांडीवर वाकून गोफणीची कडी नीट करत होती. सात, आठ. खिळा किंचित तिरका झाला. सरांना वाटलं, आता दिसेल तिला, आता म्हणेल. अकरा, बारा. हुशार पोर आहे. तेरा, चौदा.

पुढचा आवाज सरांनी नंतर कुणाला कधी सांगितला नाही.

भिंगरीचा डावा डोळा गेला. तीन आठवडे ती रुग्णालयात होती. चौकशी समितीत तीन माणसं होती. त्यांनी सरांना विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुठे होता?" सरांचं तोंड उघडलंच नाही. तेव्हा दाराशी उभा असलेला प्रयोगशाळेचा शिपाई, ज्याला सगळी शाळा मामा म्हणे, तो पुढे होऊन म्हणाला, "सर पाठमोरे होते साहेब. पलीकडच्या टेबलावर यारी अडकली होती, ती बघत होते." समितीतल्या माणसाने सरांकडे पाहिलं. "असंच ना?" सरांनी मान हलवली. एवढंच. एक शब्दही बोलावा लागला नाही. अहवालात आलं, खिळा लावणाऱ्या विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा. बांधणीचा तास बंद झाला. दहा वर्षांनी सर निवृत्त झाले, तोवर ते फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिले.

पत्र आलं तेव्हा पहिले काही महिने सर रोज उत्तर लिहीत आणि रोज फाडत. 'होय' लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, मग बाहेर कसा आला? म्हणजे भिंगरीचं नाव घ्यावं लागणार. जिचा डोळा गेला तिच्यावरच ढकलायचं? हे मला शोभतं का? असं म्हणून सर लेखणी खाली ठेवत, आणि आपण कुणाला तरी पाठीशी घालतोय असं त्यांना घटकाभर वाटे. दुसऱ्या दिवशी ते वाटणं टिकत नसे. कधी त्यांना शंका येई की आपण खरंच ते डोकं पाहिलं होतं, की मागाहून तसं दिसू लागलं? आपण चौदापर्यंत गेलो होतो की मोजायला सुरुवातच केली नव्हती? इतक्या वर्षांच्या जुन्या आठवणीवर कुणाचं आयुष्य कसं तोलायचं? शंका घ्यायला सर लहानपणापासून वस्ताद. त्या सगळ्या शंकांच्या तळाशी एक साधी गोष्ट पडलेली होती, की 'होय' हा शब्द लिहायला पाहणारा माणूस लागतो आणि सर कागदोपत्री पाठमोरे होते.

मग एका सकाळी दारात एक तिशीतली बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात एक जाड वही.

"सर, मी शाळेत नवीन आहे. भौतिकशास्त्र. ही वही तुमचीच ना?"

सरांनी ती दुरूनच ओळखली.

"कपाटाच्या मागे पडली होती. मामा म्हणाले, रद्दीत घाला. मी म्हटलं, मामा, तुम्हाला वेड लागलंय का? सोनं आहे हे!" नवीन बाई भराभर बोलत होत्या. "सर, मी बांधणीचा तास परत सुरू केलाय. दोन महिने झाले. पोरं शाळा सुटली तरी हलत नाहीत. आणि तुमचा चौथा नियम तर मी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलाय. हात पाठीमागे आणि मनात वीस. काय कमाल आहे हो ती! पहिल्यांदा मला जमेचना, जीभ नुसती वळवळायची. आता जमतं."

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तास का बंद झाला होता, ते तुम्हाला...?"

"कळलं ना. कुणा मुलीने खिळा नीट लावला नाही म्हणे. पण म्हणून सगळ्यांचं बंद? शुक्रवारी पुलांची चाचणी आहे. तुम्ही यायलाच हवं. पोरांना सांगून बसलेय मी."

"मला बरं नसतं हल्ली," सर खिडकीकडे बघून म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको तिथेच थांबली होती. तिने ट्रे खाली ठेवला. "येतील ते," ती म्हणाली. "शुक्रवारी ना? येतील."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती कपात चहा ओतत होती, नजर वर न करता.

शुक्रवारी सर गेले. प्रयोगशाळेत काही बदललं नव्हतं. टेबलांवर आम्लाचे तेच काळे डाग, कोपऱ्यातल्या नळाची तीच टपटप, डिंकाचा आणि लाकडाच्या भुशाचा तोच वास. मामा म्हातारा झाला होता. सरांना पाहून त्याने हातातली केरसुणी भिंतीला टेकवली आणि नुसती मान हलवली. भिंतीवर चौथा नियम लाल शाईत लिहिलेला. खाली कंसात 'आपले जुने सर'.

मुलांनी वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या करून पूल बांधले होते. दोन टेबलांमध्ये पूल ठेवायचा, त्याच्या मधोमध दोरीला आकडा बांधून बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत तीत मापाने वाळू ओतायची. पहिले दोन पूल सतरा आणि बावीस किलोंना मोडले. हशा पिकला, टाळ्या झाल्या. सर स्टुलावर अंग चोरून बसले होते. मागे दोन मुलं कुजबुजत होती.

"हे कोण रे आजोबा?"

"तेच ते. मोजपट्टी."

"ही? ही तर वाकलीय."

सरांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्यांना त्या खोलीत हसू आलं.

तिसरा पूल दणकट होता. पंचवीस किलो झाले तरी हूं की चूं नाही. मग त्या गटातली एक लांब हातांची मुलगी मधला सांधा खालून बघायला टेबलांच्या मध्ये जमिनीवर उताणी सरकली. बादली तिच्या छातीच्या वर हातभर अंतरावर होती. सरांची नजर आकड्याच्या गाठीवर गेली. गाठीतून दोरीचं एक टोक मोकळं लोंबत होतं. अर्धवट बांधल्यासारखं. त्यांनी नवीन बाईंकडे पाहिलं. बाईंचीही नजर तिथेच होती. त्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते आणि ओठ हलत होते.

सर कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. "बाहेर!" असा आवाज निघाला, तो त्यांनी स्वतःचा म्हणून ओळखला नाही. स्टूल पडलं. त्यांनी मुलीचा पाय घोट्याला धरला आणि खच्चून मागे ओढला. त्यांचा खांदा टेबलावर आदळला, टेबल सरकलं, पूल तिरका होऊन मधोमध फाटला आणि बादली धाडकन खाली आली. वाळू सगळीकडे.

मुलीचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. ती उठून बसली, केसांतली वाळू झटकली आणि आधी पुलाकडे पाहिलं.

"काय केलंत हे!"

"गाठ... गाठ सुटत होती," सर म्हणाले. त्यांना दम लागला होता.

"सुटत नव्हती!" मुलीने फरफटत जाऊन बादली उचलली. आकडा दोरीला तसाच घट्ट होता. "ही बघा. हे टोक मुद्दाम सोडलंय. चाचणी झाली की ते ओढून बादली उतरवायची. दोन गाठी आहेत, सर. आम्ही घरी तीस किलो लावून बघितलंय." तिचे डोळे भरून आले होते, रागाने. "तीन आठवडे बांधत होतो आम्ही. तीन आठवडे!"

कुणी हसलं नाही. नवीन बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मुलांना मैदानावर पाठवलं. जाता जाता ती लांब हातांची मुलगी दाराशी थांबली. "परत बांधता येईल," ती म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही जरा लांब बसा."

खोली रिकामी झाली. मामा वाळू गोळा करू लागला. सर जमिनीवरच बसले होते, फाटलेल्या पुलाजवळ. गुंडाळीच्या टोकावर वर्तमानपत्राचे अर्धे शब्द दिसत होते.

"सर, मी बघत होते," बाई शक्य तितक्या मऊपणाने म्हणाल्या. "मलाही गाठ दिसली होती. मी अकरापर्यंत आले होते."

"मी चौदापर्यंत गेलो होतो," सर म्हणाले.

"कधी? आत्ता?"

"एकोणीस वर्षांपूर्वी."

मामाची केरसुणी थांबली. "सर, राहू द्या ना आता."

पण सर बोलू लागले होते. खिळ्याचं डोकं किती बाहेर होतं, भिंगरी कुठे उभी होती, मुंगी खडू आणायला कधी गेली, एकामागून एक. वाक्य कुठेच तुटलं नाही. बोलता बोलता त्यांची नजर फाटलेल्या पुलावर खिळून होती. एक पूल मोडला. एका पोरीला राग आला, एका बाईंचा विरस झाला, आपली फजिती झाली. आपण तेव्हा ओरडलो असतो तर एवढंच झालं असतं. कदाचित इतकंही नाही. भिंगरी दचकली असती, फेक्या आडवा झाला असता, मुंगी तणतणत आली असती, काय केलंत हे सर. एवढ्याशा गोष्टीला आपण तेव्हा काय समजून जपत बसलो होतो?

बाई पडलेलं स्टूल सरळ करून त्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या मुलीने केलं असं सगळे म्हणतात, तिने काहीच केलं नव्हतं."

"नाही."

"आणि ती अजून तसंच समजते?"

"ती मला विचारते आहे. मी तिला सांगितलेलं नाही."

जाऊ द्या, झालं ते झालं, असं बाई म्हणाल्या नाहीत. सरांना ते बरं वाटलं. बाई उठल्या, भिंतीवरचा कागद त्यांनी काढला, पण फाडला नाही, जमिनीवर सरांसमोर ठेवला. "काय करू याचं?" त्यांनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

सरांनी खिशातली लेखणी काढली. नियम खोडायला हात उचलला, मग थांबले. नियमाखाली त्यांनी लिहिलं, "वजन, धार, आग, वीज किंवा ताण असेल तिथे हा नियम नाही. तिथे आधी ओरडायचं." अक्षर वेडंवाकडं आलं.

फाटकापर्यंत मामा सोबत आला. "मी म्हणालो ते माझ्या मनाने म्हणालो," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं नव्हतं."

"मी मान हलवली होती."

"तुम्ही तिथे पुतळ्यासारखे उभे होतात. मला बघवेना." मामाने नाक पुसलं. "त्या मुंगीचा विचार नाही केला मी. कुणावर तरी जाणार हे कळतच होतं, पण तुमच्यावर नको एवढंच डोक्यात. लिहिणार आहात का तिला?"

"हो."

"मग माझंही लिहा. मामाने खोटं सांगितलं, असं सरळ लिहा. मी काय, चार महिन्यांनी घरी बसणार आहे. घरी बसून तरी खाली मान घालून नको."

सर घरी आले ते थेट टेबलाशी बसले. तक्त्यांचं पुस्तक काढलं, पत्र उलगडून समोर ठेवलं. आधी 'होय' लिहिलं. मग पुढचं आपसूक आलं.

"होय. तू खिळा दोन्ही पट्ट्यांतून घातला होतास आणि टोक बोटाने चाचपलं होतंस. तुझी आठवण खरी आहे. मी पाहत होतो. तू खडू आणायला गेलीस तेव्हा भिंगरीने दोरी सोडवायला खिळा काढला आणि परत घालताना तो एकाच पट्टीतून गेला. अशी चूक कुणाच्याही हातून होते आणि अशा चुका बघायला मी तिथे होतो. मी ती पाहिली. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता, मी चौदा मोजेपर्यंत गप्प राहिलो. मग समितीसमोरही गप्प राहिलो आणि तुझ्या पत्रापुढेही. मामाने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते चालू दिलं. हे पत्र तू आईला दाखव, मावशीला दाखव, भिंगरीला तूच वाचून दाखव. कुणाला मला तोंडावर विचारायचं असेल तर मी घरीच असतो. शाळेलाही हेच लिहून देतो आहे. माफी मागायचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वीच घालवला, म्हणून मागत नाही."

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने खांद्यावरून वाचलं. तिची चाळशी नाकावर घसरली होती.

"मी हे पत्र आलं त्याच आठवड्यात वाचलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग मला का नाही विचारलंत, काय करू म्हणून?"

"काय सांगितलं असतंस?"

ती खुर्चीवर बसली. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "लिहू नका, असंच सांगितलं असतं. तुमची नोकरी नुकतीच संपली होती. लोक तुम्हाला भला माणूस म्हणत होते. मलाही ते हवं होतं." मग ती म्हणाली, "गॅसचं बटण सातदा बघते म्हणे ती. मी रोज गॅस बंद करताना ते आठवायची. रोज, अहो. आणि पुसून ठेवायची पुस्तक."

सरांनी पत्राची घडी घातली. ते खिडकीकडे बघू लागले.

"भिंगरीला हे कळल्यावर तिचं काय होईल?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही."

"आणि ती म्हणाली, एवढी वर्षं कुठे होतात, तर?"

"तर ती बरोबरच म्हणेल."

बायकोने उठून ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. पत्ता लिहिताना सरांचा हात दोनदा थांबला, तेव्हा ती म्हणाली, "आत्ताच जा. जेवून जाईन म्हणाल, तर मला तुमची खात्री नाही."

टपालघरात दुपारची गर्दी होती. सर रांगेत उभे राहिले. पुढे सात माणसं. तीन माणसं उरली तेव्हा त्यांना वाटलं, 'चूक कुणाच्याही हातून होते' हे वाक्य बरोबर आहे का? भिंगरीला ते लागेल का? परत घरी जाऊन नीट लिहावं. दोन माणसं उरली. त्यांनी पाकीट दुसऱ्या हातात घेतलं.

"हं, आजोबा," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

सरांनी पाकीट आत सरकवलं. "नोंदणी करून पाठवायचंय."

कारकुनाने पत्ता वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा पत्ता कधीचा? त्या भागात घरांचे नंबर बदललेत. जुन्या इमारती पाडल्यात बऱ्याच. माणूस तिथे आहे ना?"

"नऊ वर्षांपूर्वी होता."

"नऊ वर्षं!" कारकून हसला. "मग परत यायचीच शक्यता जास्त. तरी पाठवायचंय?"

"पाठवा," सर म्हणाले. "परत आलं तर मी शोधून काढीन."

कारकुनाने तिकिटं चिकटवली, शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते इतर पाकिटांवर पडलं आणि घसरून खाली गेलं. सर खिडकीशी तसेच उभे राहिले.

"अहो, झालं ना तुमचं?" मागची बाई म्हणाली. "आम्हाला येऊ द्या की."

"हो, झालं," सर म्हणाले, आणि बाजूला झाले.